कपाटातलं संशोधन खुलं करायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या आम्ही ग्रंथपाल-प्राध्यापकांनी मिळून हे पत्र लिहिलं आहे. कपाटांत पडून असलेलं जुनं संशोधन इंटरनेटवर सर्वांसाठी खुलं कसं करायचं, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. नुसतं अपलोड करणं कुणीही दाखवलं असतं. कुठे काय बिघडतं, हे तुम्ही आधी दाखवलंत आणि मग आमच्याच हातून दुरुस्त करून घेतलंत. आभार त्याचे आहेत.

पीएच.डी.चे प्रबंध विद्यापीठामार्फत शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या देशव्यापी ऑनलाइन भांडारात, जातात; यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी ते बंधनकारक केलं. पण त्याआधीचे लघुप्रबंध, एम.ए.चे प्रकल्प अहवाल, तंबाखू कामगारांच्या प्रश्नावल्या, मलप्रभेच्या पाण्याच्या नोंदवह्या, परिषदेतली पोस्टर्स यांना कुणी वाली नसतो. मार्गदर्शक निवृत्त झाले की गठ्ठा रद्दीत जातो. तुम्ही सुरुवातच या गठ्ठ्यांपासून केलीत.

सगळ्यात उपयोगी पडला तो फॉन्टचा धडा. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला अहवाल पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतो, पण त्यातली ओळ कॉपी केली की रोमन अक्षरांचा काला हाती येतो. कारण फाईलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेत असतात, मराठी रूप फक्त फॉन्ट देतो. म्हणून शोधयंत्राला त्यातला एकही शब्द सापडत नाही. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतल्या अहवालांचंही तेच. मूळ फाईल असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, रूपांतर करायचं आणि रफार व जोडाक्षरं मुद्दाम तपासायची, कारण मोडतात ती तिथेच. फाईल नसेल तर ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं. पानावर मराठी-कन्नड दोन्ही असतील तर दोन्ही भाषा एकदम निवडायच्या. एकच निवडली की दुसऱ्या लिपीच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं. आपल्या भागात अशी पानं पावलोपावली भेटतात.

गावांच्या नावांबद्दलची तुमची शिकवणही इथलीच. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. तुमचा नियम सरळ होता: शीर्षकात लेखकाने लिहिलेलं नाव तसंच ठेवा, विषयशब्दांत ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ दोन्ही द्या, कन्नड व इंग्रजी रूपांसकट. शोधणारा कुठलं नाव टाइप करेल, हे आपल्या हातात नाही.

तक्त्यांत आम्ही सगळेच अडखळलो. एक्सेलमधून साधी सीएसव्ही (तक्त्याची नुसत्या मजकुराची फाईल) काढली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडावा लागतो. ०३/०४ ही तारीख एप्रिलची की मार्चची, हे दुसऱ्याला कळत नाही. वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

सगळंच खुलं करायचं नसतं, हेही तुम्ही ठासून सांगितलंत. प्रश्नावलीतलं नाव खोडलं तरी लहान गावात वय, आडनाव आणि कामाची जागा एकत्र आली की माणूस ओळखू येतो. संमतीपत्रात प्रकाशनाचा उल्लेख नसेल तर मूळ उत्तरं थांबवायची, कोरी प्रश्नावली आणि एकत्रित तक्ते द्यायचे. खानापूरच्या जंगलातल्या दुर्मीळ औषधी वनस्पतींचे अक्षांश-रेखांश एका दशांश स्थळापर्यंतच ठेवायचे, म्हणजे जागा साधारण ११ किलोमीटरपर्यंत धूसर होते. विद्यार्थ्याच्या अहवालाचा स्वामित्वहक्क सहसा त्याचाच, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय ‘सीसी बाय’ (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारा) परवाना लावायचा नाही. जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते शोधण्यातच सर्वांत जास्त वेळ जातो, आणि तो टाळता येत नाही.

झेनोडो या संशोधनाच्या खुल्या ऑनलाइन भांडारावर थेट न नेता आधी त्याच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या वेगळ्या साइटवर, सराव करून घेतलात, हे फार बरं झालं. तिथला डीओआय (नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक) खरा नसतो, त्यामुळे हात मोकळा राहतो. खऱ्या नोंदीत वर्णन नंतरही सुधारता येतं. फाईल चुकली तर मात्र नवी आवृत्ती काढायची. सर्व आवृत्त्यांचा मिळून एक वेगळा डीओआय असतो, तोच ग्रंथालयाच्या तालिकेत नोंदवायचा, हेही त्याच बैठकीत पक्कं झालं.

आणि प्रशिक्षणाच्या दुसऱ्या फेरीत तुम्ही मागच्या बाकावर बसलात. शिकवायचं आम्ही, माउस शिकणाऱ्याच्या हातात, आणि कुणी अडलं तरी तो ओढून घ्यायचा नाही. ती शिस्त आम्ही मोडलेली नाही.

आता अथणी आणि रायबागच्या सहकाऱ्यांची पाळी आहे. पहिल्या तासाला त्यांच्यापुढे तुम्ही मुद्दाम बिघडवून ठेवलेली तीच फाईल उघडणार आहोत: श्रीलिपीतलं शीर्षक, प्रश्नचिन्हांचा तक्ता, परवान्याची रिकामी चौकट आणि शेवटच्या रकान्यात राहून गेलेले फोन नंबर.

आपले कृतज्ञ,
सीमाभागातील ग्रंथपाल व प्राध्यापक