नाशिकच्या सहायक बिशपांची आठवण जपा

मा. संपादक, स. न. वि. वि.

नाशिकच्या इतिहासात गोदाघाट येतो, पेशवाई येते. शरणपूरच्या चर्चचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. मुंबईचा अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतला) धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपाच्या देखरेखीखालचा भाग, १८३७ चा, थॉमस कार हे पहिले बिशप. मुंबईत बसून नाशिक-नगरच्या खेड्यांतली मराठी मंडळी सांभाळणे एका माणसाला झेपणारे नव्हते. म्हणून १९२५ मध्ये नगर भागात मिशनकार्य केलेले फिलिप लॉइड मुंबईचे सहायक बिशप झाले. सहायक बिशपाचा अभिषेक पूर्ण असतो. तो दृढीकरण देतो, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा हात ठेवून पक्की करण्याचा विधी करतो, आणि धर्मगुरूंना दीक्षाही देतो. पण त्याला स्वतःचा प्रांत नसतो, अधिकार मुख्य बिशपाने सोपवलेला. हे पद दुय्यम म्हणून बाजूला टाकणे मला अजिबात पटत नाही. चारच वर्षांत, १९२९ ला, नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि लॉइडच त्याचे पहिले बिशप! १९४४ पर्यंत ते त्या पदावर होते. पुढे इंग्लंडात सेंट आल्बन्सचे बिशप झाले.

माझ्या आजीचे दृढीकरण त्याच काळातले. तिचा दाखला घडीवर फाटला आहे, शाई तपकिरी पडली आहे. असे कागद अनेक घरांत पत्र्याच्या पेट्यांत आहेत. चर्चमधली जुनी बाप्तिस्मा-दृढीकरणाची रजिस्टरे आणि हे दाखले स्कॅन करून ठेवावेत. येत्या पावसाळ्याआधी सुरुवात झाली तर मी स्वतः मदतीला येईन.

– एक वाचक, शरणपूर रोड, नाशिक