परदेशातील सेवेला पाठपुराव्याची जोड हवी

महोदय,

युगांडातील एका धर्मादाय दवाखान्यात स्वयंसेवी डॉक्टर म्हणून काम केल्यानंतर असे वाटते की, तेथे जाऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडील तरुण डॉक्टरांनी तिकिटाआधी दोन गोष्टींची चौकशी करावी: तेथील वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी, आणि आपण परतल्यावर तेथील रुग्ण पाहणार कोण. सिकलसेलच्या (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) मुलाला त्यावरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू करणे सोपे. परंतु पुढे ठरावीक काळाने रक्तपेशी मोजून मात्रा ठरवणे आणि वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत जंतुसंसर्ग टाळण्यासाठी रोज दोन वेळा पेनिसिलिन चालू ठेवणे, ही कामे पाहुण्या डॉक्टरच्या हातची नव्हेत. तेथे हे सारे एक स्थानिक परिचारिका, पुढील तारखा लाल शाईने नोंदवलेल्या वहीच्या आधारे सांभाळत होती. संस्थांनी आमच्या प्रवासखर्चाआधी तिच्या पगाराची तजवीज करावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

हाच आजार आमच्या जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरही आहे, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेलाही अशाच वह्या सांभाळणारी माणसे लागणार आहेत. परदेशी जाऊच नये, असे मुळीच नाही. मात्र निघण्यापूर्वी महिनाभर अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीसारख्या ठिकाणी काम केले, तर परदेशी पोहोचल्यावर पहिल्या दिवशी काय विचारायचे, एवढे तरी नक्की कळेल.

– एक डॉक्टर, शहादा (जि. नंदुरबार)