चिखलदऱ्याच्या मुक्कामासाठी अंथरुण-पांघरुणाबाबत

सर्व सदस्यांना नमस्कार.

शनिवारचा मुक्काम चिखलदऱ्याला, सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. खाली परतवाड्यात स्वेटरवर भागतं, वर पहाटे दात वाजतात.

ज्यांच्याकडे मिलिटरीचे जुने लोकरी कंबल आहेत त्यांनी ते नक्की आणावेत. जड आहेत, टोचतात, पण लोकर दवाने ओलसर झाली तरी बरीच ऊब धरते. गाडी तंबूपर्यंत जाते, त्यामुळे वजनाची काळजी नको.

एक कंबल अंगाखाली हवाच. मागच्या वेळी मी दोन्ही वर घेतले आणि खाली नुसती सतरंजी टाकली. रात्री तीनला पाठ बर्फ झाली, कारण जमीन अंगातली ऊब ओढून घेते. आधी ताडपत्री, त्यावर तणस, मग कंबल. तणस मी आणतो आहे.

पेटीतले कंबल आजच उन्हात टाका, दोन दिवस तरी. झटकून कसरीची भोकं बघा. डांबर गोळ्यांचा वास घेऊन तंबूत झोपवत नाही.

तंबूत शेगडी किंवा निखारे कोणीही नेऊ नयेत. बंद जागेत त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने (कार्बन मोनॉक्साइड) झोपेतच जीव जातो. लहान मुलं सोबत आहेत.

जास्तीचे कंबल असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.