थ्रेड-सेफ क्यूलाही मर्यादा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या विज्ञान पुरवणीतला मल्टिथ्रेडिंगवरचा, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामं (थ्रेड) एकाच वेळी चालवण्यावरचा, लेख आवडीने वाचला. अनेक थ्रेड एकाच डेटाला हात घालतात तेव्हा काय गोंधळ उडतो, हे लेखकाने फार सोपं करून सांगितलं आहे. पण मध्ये थ्रेड-सेफ क्यू, म्हणजे अनेक थ्रेडना एकदम वापरता येईल अशी घटकांची रांग, ठेवला की काळजी मिटली, हा शेवटचा सल्ला मला अपुरा वाटतो. सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालींचा कोड तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि याच समजुतीतून झालेल्या चुका मी सतत पाहते.

थ्रेड-सेफ क्यूची हमी मुळात छोटी असते. एक घटक टाकणं किंवा एक काढणं, यांतली प्रत्येक क्रिया मध्ये कोणी न घुसता पुरी होते, इतकंच. दोन क्रियांच्या मधल्या क्षणाबद्दल ती काही बोलत नाही. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारी मुलं हमखास असं लिहितात: आधी ‘एम्प्टी’ने क्यू रिकामा आहे का ते पाहायचं, नसेल तर ‘गेट’ने घटक काढायचा. आत एकच घटक आहे आणि दोन थ्रेडनी एकदमच पाहिलं, तर दोघांनाही ‘रिकामा नाही’ असंच कळतं. एक तो घटक घेऊन जातो, दुसरा ‘गेट’वर अडकतो. पुढे काही येणारच नसेल तर कायमचा. म्हणून आधी पाहायचंच नाही. थेट काढायला जायचं, ठरावीक वेळ वाट पाहायची आणि काही मिळालं नाही तर काय करायचं ते कोडमध्ये लिहून ठेवायचं.

त्याहून मोठा प्रश्न क्षमतेचा, म्हणजे क्यूत किती घटक मावू द्यायचे याचा आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. २००४ साली जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या पाचव्या आवृत्तीत तयार क्यू मिळू लागले, ते काम संगणकशास्त्रज्ञ डग ली यांच्या पुढाकाराने झालं आणि ते उत्तमच आहे. पण त्यातल्या लिंक्डब्लॉकिंगक्यूला क्षमता सांगितली नाही, तर ती २,१४,७४,८३,६४७ धरली जाते. तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी मेमरी संपते. पायथनच्या क्यूला कमाल आकार दिला नाही तर त्याला मर्यादाच नसते. एका प्रणालीत मी याचा परिणाम पाहिला आहे. उपकरणांकडून येणाऱ्या नोंदी अशाच क्यूतून डेटाबेसकडे जात. एका रात्री डेटाबेस मंदावला. नोंदी येतच राहिल्या, क्यू फुगत गेला, लॉगमध्ये एकही एरर नाही. पहाटे मेमरी संपून प्रोसेस बंद पडली आणि क्यूत साठलेल्या सगळ्या नोंदी गेल्या. एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे लॉक चोख होते, थ्रेडच्या चढाओढीतून होणारी चूक (रेस कंडिशन) कुठेही नव्हती.

मग क्षमता किती ठेवावी? जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे कामाला येतो: रांगेतल्या घटकांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. सेकंदाला ५०० नोंदी पुढे सरकतात आणि २ सेकंदांहून जास्त उशीर चालणार नाही, तर १,००० जागा पुरेत. क्यू भरल्यावर काय करायचं, हे मात्र गणित सांगत नाही. टाकणाऱ्याला थांबवायचं, नव्याला नकार द्यायचा की जुनं टाकून द्यायचं? तापमानाची जुनी नोंद गेली तर चालेल, पैशांच्या व्यवहाराची नाही. हा निर्णय प्रोग्राम लिहितानाच घ्यायला हवा, आणि तो ज्यांचा डेटा आहे त्यांना विचारून.

मर्यादा ठरली की हलकी रचना आपोआप हाताशी येते. ठरावीक लांबीचा अ‍ॅरे आणि दोन निर्देशांक, शेवटाला पोचले की पुन्हा सुरुवातीला: हा रिंग बफर. दर घटकासाठी मेमरीत नवा कप्पा (नोड) नाही, पुढच्या कप्प्याचा पत्ता (पॉइंटर) नाही, नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला जादा काम नाही आणि घटकांच्या जागा शेजारीशेजारी असल्याने प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीचा, म्हणजे कॅशचाही फायदा. जावाचा अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू असाच आहे. टाकणारा एक आणि काढणारा एक इतकंच असेल, तर प्रत्येक निर्देशांक एकच थ्रेड बदलतो. मेमरी ऑर्डरिंग, म्हणजे एका थ्रेडने केलेले बदल दुसऱ्याला योग्य क्रमाने दिसणं, नीट सांभाळलं तर लॉकही लागत नाही. तरीही अभ्यासक्रमात क्यू म्हटलं की बहुतेकदा पॉइंटरने जोडलेल्या नोडची साखळी, म्हणजे लिंक्ड लिस्टच पुढे येते आणि तीही एकाच थ्रेडपुरती. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पायथनवाल्यांना एक विनंती. साधी लिस्ट क्यू म्हणून वापरू नका. पहिला घटक काढला की मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकवावे लागतात. दोन्ही टोकांनी टाकता-काढता येणारा ‘डेक’ घ्या. त्याला ‘मॅक्सलेन’ दिलं तर मर्यादाही मिळते. मात्र भरलेला डेक कोणाला थांबवत नाही, दुसऱ्या टोकाचा घटक न सांगता टाकून देतो. जिथे एकही नोंद गमावून चालणार नाही तिथे ‘क्यू’ वर्गच घ्यावा आणि त्याला ‘मॅक्ससाइझ’ द्यावा.

या विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर त्यात भरलेल्या क्यूचं काय करायचं याला सविस्तर जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सॉफ्टवेअर अभियंता