दुधाची बाटली: उकळते पाणी प्लॅस्टिकमध्ये नको

बाळाची प्लॅस्टिकची बाटली हलकी असते, पडली तरी फुटत नाही. प्रवासात किंवा पाळणाघरात काचेपेक्षा तीच सोयीची. पण घेताना तळ उलटून बघा. त्रिकोणात ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक, ते चालेल. ७ आकडा असेल आणि ‘बीपीए-मुक्त’ (बीपीए म्हणजे काही प्लॅस्टिकमध्ये असणारे अपायकारक रसायन) लिहिलेले नसेल, तर घेऊ नका. आयएस १४६२५ हा मानकक्रमांक आणि आयएसआय खूणही हवी.

खरी अडचण उष्णतेची. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीतून सूक्ष्म प्लॅस्टिक सुटते आणि पाणी जितके गरम तितके ते वाढते. पावडरचे दूध कालवायला तर किमान ७० अंश सेल्सिअसचे पाणी लागते, नाहीतर पावडरमधले जंतू मरत नाहीत. म्हणून दूध स्टीलच्या भांड्यात कालवा, कोमट झाल्यावरच बाटलीत ओता. बाटली उकळून काढली, की उकळून गार केलेल्या पाण्याने आतून विसळा. दूध भरून जोरजोरात हलवणे टाळा, मायक्रोवेव्ह तर नकोच. आत चरे पडले की साय तिथे धरते, ब्रशही पोचत नाही; अशी बाटली टाकूनच द्यावी. बुचाच्या कडेखालीही दूध साचते, बूच वेगळे काढून घासा. कालवलेले दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

बाटलीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे दुकानदारांनाही फारसे ठाऊक नसते. आणि आजीचे बोंडले, म्हणजे बाळाला दूध पाजायचे चोचीचे छोटे भांडे? गुळगुळीत, उघडे, मिनिटात स्वच्छ होणारे.

– एक परिचारिका, सातारा