गाणं चाललं तर पुढे काय?

चि. आमोस यास,
ख्रिस्तात सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की नोकरी सोडून पूर्ण वेळ गाण्याच्या सेवेत उतरायचं मनात आहे. आईने लगेच पगाराचा विषय काढला आणि तू गप्प झालास. मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

तुला रिच मलिन्स या अमेरिकन ख्रिस्ती गायकाची गोष्ट सांगायची आहे. तरुण संघात तुम्ही ‘ऑसम गॉड’ म्हणता ना, ते त्याचं गीत. गाणं पोरापोरांना पाठ आहे, पण तो माणूस कसा जगला हे फारसं कुणाला ठाऊक नाही. आणि मी इतकी वर्षं त्याला ऐकत आलो ते मुख्यतः तो ज्या रीतीने जगला त्यासाठीच.

त्याचा जन्म १९५५ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रिचमंडचा. शेतावरचं घर. पणजीने त्याला लहानपणीच चर्चची गीतं पियानोवर चारही पार्टांत वाजवायला शिकवली. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, सगळं. तुला पार्ट बसवायचा कंटाळा येतो म्हणून हे मुद्दाम लिहितो. त्याच्या पुढच्या सगळ्या संगीताला या पायाचा आधार होता, आणि हा पाया म्हातारीच्या शेजारी स्टुलावर बसून घातला गेला.

पुढे तो सिनसिनाटीच्या बायबल कॉलेजात गेला, मित्रांबरोबर बँड काढला. तेव्हा तिकडे या संगीताचे दिवस पालटत होते. साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातली तरुण पोरं गिटार घेऊन येशूची गाणी म्हणू लागली होती. ऐंशीच्या दशकापर्यंत या संगीताचा नॅशव्हिल शहरात मोठा व्यवसाय झाला. रेकॉर्ड कंपन्या, रेडिओ, दौरे, पारितोषिकं, सगळं आलं. १९८२ मध्ये एमी ग्रँट या गायिकेच्या ‘एज टू एज’ या अल्बममध्ये मलिन्सचं एक गीत आलं. त्या अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. ते दार उघडलं आणि मलिन्स नॅशव्हिलला पोचला. १९८६ ला त्याच्या नावाचा अल्बम निघाला आणि १९८८ ला ‘ऑसम गॉड’ आलं.

खुद्द त्याला ते गीत रचना म्हणून कच्चंच वाटायचं. मुलाखतीत त्याने हे उघड सांगितलेलं आहे. ज्या गाण्याने नाव मिळवून दिलं त्याच्याबद्दल इतकं खरं बोलायला आतून फार मोकळं असावं लागतं. तुझ्या व्हिडिओला लाइक किती आले यावरून तू गाणं बरं की वाईट ठरवतोस, ते मला आवडत नाही. कडवं नीट जमलं का, शब्द सुरावर बसले का, हे तुझं तूच ठरवायला शीक.

आता पैशांचं. मलिन्सने आपल्या अल्बमचे आणि दौऱ्यांचे पैसे स्वतःच्या हातात येऊच दिले नाहीत. सगळी मिळकत त्याच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलजनांकडे जायची. अमेरिकेतल्या सामान्य कामगाराला वर्षाला जेवढं मिळतं तेवढा पगार ते त्याला द्यायचे आणि बाकीचं दानधर्मात जायचं. वर त्याने बजावून ठेवलं होतं की एकूण किती आले हे मला सांगूही नका. आकडा कळला तर पैसे द्यायला हात अडेल, हे तो ओळखून होता. आमोस, मला ही गोष्ट फार आवडते. यात वैराग्याचा आव नाही, साधी व्यवस्था आहे. स्वतःच्या मनाचा भरवसा धरण्याऐवजी त्याने चार शहाण्या माणसांवर काम सोपवलं आणि मोकळा झाला.

पुढची गोष्ट आणखी जवळची वाटते मला. गाणी ऐन भरात असताना त्याने नॅशव्हिल सोडलं आणि कॅन्सस राज्यातल्या विचिटाला जाऊन फ्रेंड्स युनिव्हर्सिटीत संगीत-शिक्षणाच्या पदवीला नाव घातलं. वर्गातल्या पोरांपेक्षा कितीतरी मोठा, देशभर ओळखला जाणारा माणूस वर्गात बसून शिकला. १९९५ ला पदवी हातात पडली आणि तो न्यू मेक्सिकोच्या बाजूला, नव्हाहो आदिवासींच्या मुलखात राहायला गेला, तिथल्या मुलांना संगीत शिकवायला. मुलांना शिकवायचं तर रीतसर शिकूनच शिकवावं, असा त्याचा हिशोब असणार. असिसीच्या संत फ्रान्सिसचं त्याला वेड होतं, त्याच्या आयुष्यावर त्याने मित्रांबरोबर एक संगीतनाटकही रचलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांची भजनं तू झोळीत असल्यापासून ऐकतोयस. तेव्हा पगार सोडण्याच्या विचाराने मी घाबरलो असं समजू नकोस. सोडून पुढे काय धरणार, एवढंच मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

मलिन्स काही संत नव्हता. दारूशी त्याची झुंज होती, एकटेपणा होता, आणि वडिलांशी त्याचं मनासारखं कधी जमलं नाही. वडील गेल्यावर ते दुखणं तसंच राहिलं. ब्रेनन मॅनिंग नावाचा एक लेखक होता, पूर्वी फ्रान्सिस्कन पाद्री, स्वतः दारूतून उठलेला. त्याने मलिन्सला एकांतात बसवलं आणि सांगितलं, तुझ्या वडिलांनी तुला लिहिलं असतं असं पत्र तूच लिही. मलिन्सने ते लिहिलं आणि ढसाढसा रडला. हे वाचल्यापासून माझ्या मनात होतं की तुला पत्र लिहायचं. तुझ्यासाठी ते मी माझ्या हातानेच लिहितो: तुझं गाणं मला आवडतं, चाललं तरी आणि नाही चाललं तरी. तू बारका असताना हार्मोनियमच्या भात्यावर हात ठेवून सूर धरायचास, तेव्हापासून आवडतं.

वेळ काढून त्याचं १९९३ चं ‘क्रीड’ ऐक. रविवारी आपण उभं राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची जुनी कबुली, म्हणतो, तोच त्याने गाण्यात बसवलाय. सुरुवातीला जे वाद्य वाजतं ते हॅमर्ड डल्सिमर, आपल्या संतूरच्या जातीचं, तारांवर बारक्या काठ्या मारून वाजवतात. त्याची एकच चाल गोल गोल फिरत राहते आणि तिच्यावर ते प्राचीन शब्द चढत जातात. शब्द मंडळीचे, नाद त्याचा. आपल्या टाळ-मृदंगावर कुणी असं काही केलं तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन. तू करून बघ.

१० सप्टेंबर १९९७ ला त्याने एका पडक्या चर्चमध्ये बसून येशूवरची नवी गाणी साध्या कॅसेट रेकॉर्डरवर भरली. पुढच्या वर्षी मित्रांनी ती पुन्हा बसवून अल्बम काढला आणि ती कच्ची कॅसेटही सोबत दिली. मला कच्चीच जास्त आवडते. मागे सतत खरखर आहे, पण तुझ्या लॅपटॉपवर चकचकीत केलेल्या कित्येक गाण्यांपेक्षा तो आवाज जवळचा वाटतो.

१९ सप्टेंबरला, त्या कॅसेटनंतर नऊ दिवसांनी, तो गेला. विचिटातल्या एका मदतनिधीच्या कार्यक्रमाला रात्री जीपने निघाले होते, तो आणि मिच मॅकविकर हा तरुण गायक. इलिनॉयमधल्या महामार्गावर जीप उलटली. दोघांनीही बेल्ट लावले नव्हते, दोघेही बाहेर फेकले गेले. मागून आलेल्या ट्रकने उलटलेली जीप चुकवायला वळण घेतलं आणि मलिन्स त्याच्या वाटेत सापडला. एक्केचाळीस वर्षांचा होता. मॅकविकर जबर जखमी झाला, पण वाचला, पुन्हा गाऊ लागला.

तेव्हा ऐक. तुमच्या बँडचा संगमनेरचा कार्यक्रम संपला की रात्रीच परतायचा हट्ट करू नका. मंडळीत कुणीही दोन गाद्या टाकून देईल. ड्रायव्हर भाड्याचा असो की तुमच्यातला, त्याची झोप झाली आहे का ते आधी विचारायचं. मागच्या सीटवरच्यांनीसुद्धा बेल्ट लावायचे, ढोलक मांडीवर घेऊन बसायचं नाही.

आणि बँडच्या पैशांचा हिशोब तुमच्यापैकी कुणाकडेही नको. पाळकसाहेब आणि आणखी दोन माणसं, ज्यांना तुमच्या गाण्यातलं काही कळत नाही पण हिशोब कळतो, अशी आत्ताच नेमा. पैसे अजून आले नाहीत तोवर हे सोपं आहे. राजीनामा द्यायच्या आधी ही तीन नावं मला कळव. आईला मी समजावतो. रविवारी उपासना सुटल्यावर फोन कर, दोघंही घरी आहोत.

तुझे,
पप्पा