अंगठीतली शेवटची इच्छा

वेंगुर्ले,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चि. बायोस अनेक आशीर्वाद.

तू फोन केलास तेव्हा मी जत्रेच्या गाडीत होतो. मागे पत्र्याच्या पेट्या खडखडत होत्या, शेजारी मृदंगवाला घोरत होता, म्हणून ‘कळवतो’ एवढंच बोललो. पण प्रश्न तू झकास विचारलास. तुमच्या खेळातल्या त्या मुलाचं गाव किल्लेदाराने जाळलं. आता त्याच्या हाती जादूची अंगठी लागली आहे, तिच्यात एकच इच्छा शिल्लक आहे, आणि तो मागणार आहे, ‘किल्लेदाराचा निर्वंश होवो.’ ती त्याच्यावरच उलटवायची आहे आणि कशी ते तुला सुचत नाही. अगं, ज्याचा जन्म दशावतारात पायपेटीमागे बसून शाप-उःशाप ऐकण्यात गेला त्यालाच विचारलंस, बरं केलंस.

आधी तुझं पुस्तक वाचलं. गणपतीला आलीस तेव्हा विसरून गेलीस ते, डंजन्स अँड ड्रॅगन्सचं, म्हणजे तुमच्या त्या टेबलाभोवती बसून, सोंगं घेऊन गोष्ट रंगवायच्या खेळाचं, 2014 च्या आवृत्तीचं. हा खेळ 1974 पासून चालू आहे होय? मला वाटायचं तुमच्या कॉलेजातलंच काहीतरी खूळ. इच्छेचा मंत्र सगळ्यात वरच्या, नवव्या पायरीवर ठेवलाय ते योग्यच आहे. दंडही चांगला लावलाय: जगावेगळं काही मागितलं तर मंत्र टाकणाऱ्याच्या ताकदीचा आकडा काही दिवस 3 वर येतो, आणि शंभरात 33 वेळा तो मंत्र त्याच्या हातून कायमचाच जातो. पण खरी गंमत पुढे आहे. शत्रू मरावा असं मागितलंत, तर गोष्ट चालवणारा सूत्रधार, म्हणजे तुझ्या जागी बसलेला, तुम्हाला उचलून अशा काळात नेऊन टाकू शकतो जिथे तो शत्रू आधीच मेलेला आहे. मागितलं ते मिळालं आणि तुम्ही खेळातून बाद! मी इतक्या मोठ्याने हसलो की आई चुलीपुढून उठून बघायला आली.

हसलो खरा, पण रात्री पडल्यापडल्या विचार केला तेव्हा ती युक्ती मनाला पटेना. वकिली झाली ती. मागणाऱ्याने शब्द ढिला सोडला, देणाऱ्याने पकडला. असं तू एकदा केलंस की पुढच्या वेळी तुझी पोरं तीन पानी करारनामा घेऊन बसतील, पोटकलमांसकट, आणि सूड राहील बाजूलाच.

शब्दात पकडायची तऱ्हा आपल्याकडेही आहे, फार जुनी. त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप इंद्राने मारला. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला, ‘इन्द्रशत्रुर्वर्धस्व’ म्हणत आहुती टाकली, आणि स्वराचा आघात भलत्याच अक्षरावर पडला. इंद्राला मारणारा मागायचा होता, मागितला गेला इंद्राच्या हातून मरणारा. यज्ञातून निघालेला वृत्र वाढला आणि इंद्रानेच त्याला मारला. व्याकरण शिकवणारे अजून हे उदाहरण देतात. पण इथे देणारा लबाड नाही हे बघ. अग्नीने ऐकलं ते दिलं. जीभ घसरली ती बापाची, आणि मुलाचं प्रेत डोळ्यांपुढे असताना कोणाची घसरणार नाही?

मूठ मारण्याच्या गोष्टी तू आजीकडून ऐकल्या आहेस. वाटेत कोणी अडवली तर मूठ मारणाऱ्यावरच उलटते म्हणतात. या असल्या धंद्यांविरुद्ध 2013 चा कायदा आहे, तेव्हा गोष्ट म्हणूनच वाच. आणि गोष्ट म्हणूनही ती मला कच्चीच वाटते, कारण मूठ उलटते ती समोर जास्त ताकदीचा मांत्रिक भेटला म्हणून. उलटण्याचं कारण बाहेरून आलं. भस्मासुराचं नाव तर तुला दहा जण सुचवतील. त्याला घेऊ नको, त्याचा मुळात कोणावर सूडच नव्हता.

द्रुपद घे. माझ्या मते आख्ख्या महाभारतात याच्याइतकी नीट रचलेली सूडाची मागणी नाही. बाळपणीच्या मित्राला, द्रोणाला, त्याने दारातून हिणवून परत लावलं. द्रोणाने शिष्यांकरवी त्याला बांधून आणवलं आणि अर्धं राज्य काढून घेतलं. हा मनुष्य मग आश्रमामागून आश्रम पालथे घालत फिरला, द्रोणाला मारणारा मुलगा हवा म्हणून. उपयाज म्हणाला, मी असलं कर्म करणार नाही. पण माझा थोरला भाऊ याज करील, कारण रानात पडलेलं फळ जागा शुद्ध आहे की नाही हे न बघता त्याने उचललेलं मी पाहिलंय. काय माणूस ओळखलाय! खेळात कोणाला वाममार्गी मंत्री किंवा मांत्रिक करायचा असेल तर त्याचं वर्णन करत बसू नको, त्याला फक्त ते फळ उचलू दे.

यज्ञ झाला. आगीतून धृष्टद्युम्न निघाला, मुकुट-कवच-तलवारीसकट. आणि त्याला अस्त्रविद्या शिकवली कोणी? द्रोणाने! हा आपल्याला मारायला जन्मलाय हे ठाऊक असून घरी ठेवून शिकवलं. पंधराव्या दिवशी सकाळी द्रोणाने द्रुपदाला मारलं. त्याच दिवशी पुढे धृष्टद्युम्नाने द्रोणाची मान उडवली. म्हणजे मागणी अक्षरशः पुरी झाली, फक्त बघायला मागणारा जिवंत नव्हता. अठराव्या दिवसाच्या रात्री द्रोणाच्या पोराने धृष्टद्युम्नाला झोपेतून ओढून लाथांखाली मारला, हातात शस्त्रसुद्धा घेऊ दिलं नाही, आणि द्रौपदीची पाचही मुलं, द्रुपदाची नातवंडं, त्याच रात्री गेली. कुठल्या देवाने शब्द पकडला? कोणीच नाही. द्रोणाला मारणारा मागताना द्रोणालाही मुलगा आहे, हे एवढं द्रुपदाच्या ध्यानात आलं नाही.

दुसरं उदाहरण तू पाहिलेलं आहे, पण तू तेव्हा आईच्या मांडीवर झोपली होतीस. जयद्रथवध. द्रौपदीला पळवलं म्हणून भीमाने जयद्रथाचं डोकं भादरून पाच शेंड्या ठेवल्या. त्या अपमानापायी त्याने शंकराला आळवून वर घेतला, अर्जुन सोडून बाकीच्या पांडवांना एकदा अडवण्याचा. तेराव्या दिवशी त्याने चौघांना अडवलं, आत अभिमन्यू मेला. चौदाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत अर्जुनाने त्याचं मुंडकं उडवलं. जो एक माणूस वरातून वगळला होता त्याच्याच मुलाच्या मरणाला हा कारण झाला. याहून सांगायला नको.

पण मला सांगायचंय ते त्याच्या बापाचं. वृद्धक्षत्राने आधीच म्हणून ठेवलं होतं की माझ्या मुलाचं मस्तक जो जमिनीवर पाडील त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. आमच्या कंपनीत ही भूमिका एक वयस्क नट करायचे. मंचावर नेहमीचं एकच बाकडं. त्यावर ते डोळे मिटून, ओंजळ धरून संध्या करत बसायचे. अर्जुनाचा बाण मुंडकं घेऊन येतो ते दाखवायला मुंडकं म्हणजे लाल फडक्यात बांधलेला नारळ, वर काथ्याचे केस. अर्जुन तो अलगद त्यांच्या मांडीवर ठेवून मागे सरायचा. मी पेटीचा नुसता एक सूर धरून ठेवायचो. पुढच्या चटईवरची पोरं ओरडायला लागायची, ‘आजोबा, उठा नको! उठा नको!’

पोथीत काय आहे? संध्या आटोपून वृद्धक्षत्र उठतो, मुंडकं पडतं, त्याचंच डोकं फुटतं. त्याला कळतसुद्धा नाही. आमचे नट तसं करत नसत. ते डोळे मिटलेलेच ठेवून हात मांडीवर नेत. बोटांना केस लागत. बोटं केसांतून मानेपर्यंत जात, थांबत, आणि मग लेकाला ओळखून ते ताडकन उठत. नारळ फळीवर आपटल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. हे कोणी लिहून दिलेलं नव्हतं. दशावतारात लिहिलेलं काही नसतंच, तुला माहीत आहे. आख्यान ठरतं, तोंड रंगवता रंगवता दोनचार गोष्टी बोलून घेतात आणि बाकी जागेवर. तुझा खेळ हा माझ्या लेखी फासे टाकून केलेला दशावतारच आहे. तेव्हा ही जागा तुला उपयोगी पडेल: शाप उलटला तो बापाच्या मायेच्या रस्त्याने. शत्रूचे हात बांधताना स्वतःची मांडी त्याच्या हिशेबात नव्हती.

हाच माझा मुद्दा. सूड मागणारा समोरच्याकडेच टक लावून असतो, म्हणून मागण्यात स्वतःला धरायचंच विसरतो. आपल्या देवळातलं गाऱ्हाणं आठव. लेकराबाळांची राखण, गुराढोरांची राखण, पोटासाठी मुंबईला गेलेल्यांची राखण, इडापिडा टळू दे, चुकलंमाकलं पदरात घे, आणि दर वाक्याला मागून ‘व्हय म्हाराजा’. गाऱ्हाणं घालणारा कोणालाही बाहेर ठेवत नाही. म्हणून ते लांबतं आणि प्रसादाचे शिरे गार होतात, ते सोड.

अंबेचा वर मात्र उलटला असं मी म्हणणार नाही. तिच्यासाठी परशुराम भीष्माशी 23 दिवस लढला, जमलं नाही. मग तिने शंकराकडून पुढल्या जन्मी भीष्माला मारायचा वर घेतला आणि स्वतःच चिता रचून आत शिरली. किंमत आधी मोजली. तुझ्या खेळात कोणी इतकी तयारी दाखवली तर निमूट दे, खोडी काढू नको.

आणि परशुरामाचं स्वतःचं? एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करून त्याने समंतपंचकात, म्हणजे कुरुक्षेत्रात, रक्ताची पाच तळी भरली. (वृद्धक्षत्राचं डोकं फुटलं ते त्याच टापूच्या बाहेर बरं का.) पितर प्रसन्न झाले, वर माग म्हणाले. त्याने मागितलं ते हे की रागाच्या भरात जे केलं त्या पापातून मला सोडवा आणि या तळ्यांची तीर्थं होऊ देत. पुढे जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यपाला दान दिली, तर कश्यप म्हणाला, आता माझ्या जमिनीवर राहू नको. एवढं सगळं करून पाय टेकायला जागा नाही! तेव्हा समुद्राने त्याला शूर्पारक दिलं, म्हणजे आजचं सोपारा; आपण मात्र सांगतो की त्याच्या बाणाने समुद्र हटला आणि सबंध कोकण वर आलं. आपली सगळी आंब्याफणसाची जमीन त्या सूडानंतरच्या अडचणीतून निघालेली आहे, हे चिपळूणला देवळात गेलीस की आठव.

आता तुझ्या किल्लेदाराकडे. तो मुलगाच किल्लेदाराचा गुप्त वंशज निघाला, हे तुझ्या मनात पहिलं आलं असेल. टाकून दे, टेबलाभोवतीच्या सगळ्यांना आधीच कळेल. इच्छा पुरी कर, एकही माणूस कमी न करता. पण आधीच्या दोन बैठकांत कोणाला तरी किल्ल्याच्या मागच्या दाराने भाताची टोपली बाहेर जाताना दिसू दे. टोपली पाठवते किल्लेदाराची सून. जळलेल्या गावातली वाचलेली माणसं तिने कांदळवनात लपवून ठेवली आहेत, आणि त्यांत त्या मुलाची धाकटी बहीण आहे. त्याने टोपलीच्या मागे जाऊन बघितलं तर त्याला कळेल. नाही बघितलं, तर निर्वंश झाल्यावर तिसऱ्या दिवशी टोपली येणार नाही. फसवलं असं तो म्हणू शकणार नाही, कारण दिसलं होतं.

आणि अंगठी चालवायला एक गाऱ्हाणं घालणारा म्हातारा ठेव. मागणं उच्चारायच्या आधी त्याने एकच विचारावं: ‘ता झाला. तुझ्यासाठी काय मागू?’ मुलाकडे उत्तर असेल तर इच्छा उलटवू नको. फासेसुद्धा टाकू नको.

तो पोरगा हुशार असेल आणि अंगठी विकायलाच काढली, तर मात्र भाव पाडून माग.

तुझे,
बाबा

ता.क. आगळाच्या दोन बाटल्या आणि कुळथाचं पीठ उद्याच्या रातराणीने पाठवतोय. बाटल्यांची बुचं आईने मेणाने बंद केली आहेत, तरी पिशवी आडवी ठेवू नको. पुस्तक आत्ता पाठवत नाही, मृदंगवाल्याने वाचायला नेलंय.